पोटरीतला तुरा

फाटकाची कडी लावायचंही भान तिला राहिलं नाही. हातातली पिशवी तशीच धरून ती अंगणाच्या कडेला बघत उभी राहिली.

"कसं झालंय?" न्हाव्याने बायकोला विचारलं. तो कौतुकाची वाट बघत होता.

कुंपणालगत कंबरेइतकं उंच झालेलं गवत आता वीतभर उरलं होतं. एकेक ठोंब गोल, बाजूंनी बारीक, वरून सपाट. एवढं नेटकं काम कुठल्या माळ्याला जमलं नसतं, कारण ते कंगवा-कात्री लावून केलेलं होतं. दुकान बंद केल्यापासून न्हाव्याचे हात शिवशिवत होते. समोर बसायला डोकं मिळत नव्हतं, तेव्हा गवत तर गवत.

"आपलं घर विकत घेतलेली मंडळी आज बघायला येणार आहेत," तो सांगू लागला. "म्हटलं, तू लेकीचं बाळंतपण करून दमून येशील, कुठं साफसफाई करत बसशील? नुसतं जंगल माजलं होतं. आता बघ, मिडियम कट!"

आपल्या विनोदावर तो एकटाच हसला.

तिने पिशवी खाली ठेवली. कोपऱ्यात कापलेल्या पात्यांचा ढीग होता, त्यातून एक जाडसर दांडा उचलला. अंगठा फिरवत फिरवत ती दांड्याच्या फुगीर भागावर थांबली. तिथे नखाने चीर दिली आणि वरचं पातं सोलून काढलं. आत घडी घालून ठेवल्यासारखा एक तुरा होता. ओलसर, जांभळट, रुपेरी. कालपर्यंत तिच्या मांडीवर असलेल्या बाळाच्या जावळाइतका मऊ.

"हे काय?" न्हाव्याने विचारलं.

"तुरा. गवत पोटरीवर आलं होतं. दोन-चार दिवसांत बाहेर पडला असता."

न्हाव्याचा जन्म गल्लीबोळात गेलेला. खुर्चीमागे उभं राहून दुखते ती पोटरी तेवढी त्याला ठाऊक. गवताच्या पोटातही काही वाढत असतं, हे त्याला कोण सांगणार? त्याचा चेहरा उतरला.

"येईल की पुन्हा. केस नाही का येत?"

"पाऊस संपला. आता पुढच्या वर्षी."

"मग पुढच्या वर्षी..." पुढच्या वर्षी या अंगणात दुसऱ्यांचे कपडे वाळत असणार होते. ही दोघं मुलाच्या घरी, वरच्या मजल्यावर. तिथल्या गॅलरीत ऊन औषधालाही नाही.

"फोनवर एकदा सांगायचंस तरी," तो पुटपुटला.

"काय सांगू? गवताला जपा म्हणून? लोक गवत उपटतात आणि आमची ही लावते, असं गल्लीभर सांगून हसायचात तुम्ही." ती पायरीवर बसली. "दरवर्षी म्हणायचे, चला, माहेरचा माळ फुललाय, एकदा डोळे भरून बघा. दरवर्षी तुमचं दुकान आडवं यायचं. मग माळावर मशीन आलं, प्लॉट पडले. मातीचे ढिगारे उपसत होते, त्यातनं एवढे ठोंब उचलून आणले. तुम्ही माळावर येत नव्हता, म्हणून माळच दारात आणला. गेलं वर्ष मुळं धरण्यात गेलं. म्हटलं, यंदा तरी बसल्या जागी बघतील."

"माझ्यासाठी लावलं होतंस?"

"मग काय माझ्यासाठी? मी तर शाळेच्या वाटेवर रोज बघायचे."

न्हावी ढिगापाशी गेला. एक लांब दांडा निवडून त्याने जवळच्या ठोंबात खोचून बघितला. तो कलंडला. दुसरा खोचला, तोही कलंडला. कापलेला केस परत लावता येत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? तरी तो वाकून खोचत राहिला.

"पुरे," ती म्हणाली. "कंबर धरेल."

"रागाव तरी माझ्यावर."

"कशी रागावू? वाकड्यात शिरून केलं असतं, तर भांडभांड भांडले असते. तुम्ही तर मन लावून केलंत." तिने सोललेला तुरा पदराच्या टोकात गुंडाळला.

फाटक करकरलं. घर घेतलेला माणूस आणि त्याची बायको आत आली. पायरीवरून उठून "या" म्हणत ती पाणी आणायला आत गेली.

"अगदी लख्ख ठेवलंय हो सगळं," पाहुणी म्हणाली. "आणि कुंपणापाशी हे काय लावलंय?"

"गवत आहे," न्हावी म्हणाला. हातातला दांडा त्याने मागे लपवला. "पण उपटू नका. पाऊस सुरू व्हायच्या आधी एकदाच कापायचं. मग कितीही माजलं, तरी फुलेपर्यंत कात्री लावायची नाही. तुरे येतात त्याला."

"अगंबाई! छान दिसत असेल ना?"

आत पेल्यांचा आवाज थांबला.

न्हाव्याने दाराकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"हिच्या माहेरी अख्खा माळ फुलायचा म्हणे," तो म्हणाला. "मी दुकानात होतो."