तांदळाची पुरचुंडी

विनय आणि ऊर्मिला गाडीत तंबू टाकून जर्मनीतल्या बोब्लिंगेनहून निघाले, तेव्हा पुण्याहून आलेल्या विनयच्या आईला, अहिल्याबाईंनाही, त्यांनी आग्रहाने सोबत घेतलं. थंडी बाधू नये म्हणून तंबूत अहिल्याबाईंना रोज मधे झोपवत. नवं आयफेल नॅशनल पार्क पालथं घालून परतताना, चौथ्या दिवशी, एका तळ्याच्या काठाशी पाणी खदखदताना दिसलं आणि बाईंचे हात आपोआप जोडले गेले. कोकणात माहेरी गरम कुंडात सोडत, तशी त्यांनी फडक्यात तांदूळ बांधून पुरचुंडी पाण्यात सोडली.

अर्ध्या तासाने पाहिलं, तर तांदूळ कच्चेच. त्यांनी पाण्यात बोट घातलं आणि त्या दचकल्या. बर्फासारखं गार!

"अरे, उकळतंय, आणि गार कसं?"

"तो नुसता ज्वालामुखीचा वायू आहे, आई," विनय म्हणाला. "खाली आग होती, पूर्वी."

"मग विझली कधी?"

प्रश्न साधाच होता. पण विनयने तळ्यात एक खडा भिरकावला आणि ऊर्मिला उगाचच पुरचुंडी पिळू लागली. बाई बुचकळ्यात पडल्या. दोघांकडे आळीपाळीने बघून म्हणाल्या, "आज मी कडेला झोपते."

"नको!" दोघं एकदम ओरडली.

चार दिवसांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.