जिवलीमावशीचा हात

“हिमोग्लोबिन वीस?” डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा पाहिला. “दर्शन सर, कसली इंजेक्शनं घेता?”

दर्शन गडबडला. आपल्या तालुक्यात बायाबापड्यांचं हिमोग्लोबिन नवाच्या वर सरकत नाही, तिथे आपलं वीस म्हणजे पहिला नंबरच, अशा थाटात तो डहाणूच्या दवाखान्यात आला होता. चाळिशी उलटलेला मास्तर, पण जिममध्ये भल्याभल्यांना भारी. खोटं बोलायला त्याने तोंड उघडलं. डॉक्टरांची नजर पाहून ते जमलं नाही.

“टेस्टोस्टेरॉन. दर आठवड्याला. जिममधला एक जण आणून देतो. सहा महिने झाले.”

“हे पुरुषी हार्मोन असं वरून टोचलं, की रक्त पाकासारखं दाट होतं. शिरेत गुठळी धरते. मेंदूत धरली तर लकवा. पायात धरली तर पोटरी सुजते, दुखते. तुमची?”

दर्शनने दोन्ही पोटऱ्या दाबून पाहिल्या. काही नव्हतं. त्याचा जीव भांड्यात पडला.

“नशीब समजा,” डॉक्टर म्हणाले. “आपल्याकडे पोटरी दुखली की लोक तेल लावून चोळत बसतात. गुठळी चोळली की सुटते आणि थेट फुप्फुसात जाऊन अडकते. माणूस बसल्या जागी जातो.”

दर्शनने खिशातला मोबाइल काढला. तो एकटा कुठे टोचून घेत होता! धाकट्या भावाला, शैलेशला, त्यानेच भरीस घातलं होतं. “घे रे, वाघ होशील.” दोघांचा डोस एकाच खोक्यातला. आणि शैलेशची पोटरी परवापासून सुजली होती. व्यायामाने लचकली असेल, म्हणून सकाळी रानशेतहून निघताना त्यानेच आईला सांगितलं होतं, जिवलीमावशीला बोलाव. मावशी पंचक्रोशीतली चोळणारी. तिच्या हाताला गुण होता.

त्याने घरी फोन लावला. रिंग वाजत राहिली. देवा, मावशी घरी सापडली नसू दे. आज तरी कुणा बाळंतिणीकडे गेलेली असू दे.

शेवटी आईने उचलला.

“आई, चोळायचं नाही! मावशीला शैलेशच्या पायाला हात लावू देऊ नकोस!”

“अरे, ओरडतोस काय? मावशी केव्हाच चोळून गेली. काय हात आहे रे तिचा! आधी शैलेशला जरा धाप लागली. आता बघ, कसा शांत निजलाय. मघापासून चहाला हाका मारतेय, तर उठायचं नाव नाही.”