मॅजिस्ट्रेटची खोली

खोलीचे दार उघडले, तेव्हा पंख्याखालच्या चटईवर एक बोकड बसलेला होता.

अंग पांढरेशुभ्र, दाढी लांब, गळ्यात निळी फीत. दारात उभ्या असलेल्या त्या वृद्ध दांपत्याकडे त्याने एकवार दृष्टी टाकली आणि रवंथ चालूच ठेवला. लिओटिनबाईंनी हातातली पेटी खाली ठेवली. त्रिनिदादहून या बेटाकडे निघालेल्या बोटीत त्यांना बसायला जागा मिळाली नव्हती, आणि धक्क्यापासून बुकू गावापर्यंत येताना गाडी दोनदा बंद पडली होती. ते सर्व त्यांनी निमूटपणे सोसले होते. हे सोसण्यापलीकडचे होते.

"मिस्टर युस्टस!"

त्या तीन खोल्यांच्या स्वस्त विश्रामगृहाचे मालक युस्टस अंगणातून धावत आले.

"बाई, आवाज हळू. तो बिचकतो."

"तो बिचकतो? पंख्याची खोली मी महिन्याभरापूर्वी सांगून ठेवली होती. पंखा असलेली हीच एक, असं तुम्हीच फोनवर म्हणालात."

"म्हणून तर त्याला इथं ठेवलाय. उद्या शर्यत आहे ना!"

ईस्टरनंतरच्या मंगळवारी बुकूमध्ये बोकडांची शर्यत असते, हे लिओटिनबाईंना कोणी सांगावयास नको होते. त्यांचे यजमान थेल्बर्ट याच गावात जन्मले, आणि तरुणपणी याच मैदानात बोकडाची दोरी धरून त्याच्यामागे अनवाणी धावले होते. इस्पितळातून घरी आल्यापासून त्यांनी अन्नाशी वैर धरले होते. औषधे झाली, मुलीचे आर्जव झाले. अंगावरचे कपडे मात्र दिवसेंदिवस सैल होत चालले होते. जन्मभूमीचा वारा लागला तर कदाचित दोन घास पोटात जातील, एवढ्या एकाच आशेने बाईंनी हा प्रवास मांडला होता.

"गोठा नाही तुमच्याकडे?"

"गेल्या वर्षी गोठ्यातच होता. कुण्या मेल्यानं त्याला रममध्ये भिजवलेला पाव चारला. अर्ध्या शर्यतीत मैदानावर पाय दुमडून बसला, बाई! सारं गाव हसलं. अजून दुकानात गेलो की विचारतात, 'काय युस्टस, साहेबांची झोप झाली का?' यंदा मॅजिस्ट्रेट कुलपातच राहणार."

"मॅजिस्ट्रेट?"

"नजर बघा ना त्याची."

"माझ्या सबंध आयुष्यात बोकड ताटात बघितलाय, मिस्टर युस्टस. बिछान्याशेजारी नाही."

युस्टसनी चटकन बोकडाच्या कानांवर हात ठेवले.

"दुसऱ्या दोन खोल्या भरल्यात. आज साऱ्या बेटावर रिकामी उशी मिळायची नाही. असं करतो, स्वयंपाकघरामागची कोठी मोकळी करतो आणि त्याला तिकडे हलवतो. तोवर बसा. तो काही बोलत नाही."

"न बोलणारा एक माझ्याकडेही आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी थेल्बर्टना पलंगाच्या कडेवर बसवले.

स्वयंपाकघरातून ताट आले. बेक, म्हणजे मैद्याच्या तळलेल्या गरम जाड रोट्या, आणि खारवलेला मासा. बाईंनी बेकचा तुकडा मोडून पुढे केला.

"एक घास. तुझी आई अश्शीच करायची."

"नको."

"अर्धा."

"नको म्हटलं ना."

"मग मांडीवर ठेवते. बघत बस."

त्या हात धुवायला गेल्या. नळ खाकरला आणि गप्प झाला. खिडकी उघडू पाहिली, तर तिची कडी हातात आली. आता मात्र बाईंचा संयम संपला. ती कडी शस्त्रासारखी धरून त्या ओसरीवर गेल्या आणि त्यांनी मालकांना पाणी, खिडकी, पंख्याची खोली आणि बोकड या क्रमाने ऐकवावयास आरंभ केला. कोठीतून पोती ओढल्याचा आवाज आणि "आलो, बाई, आलो" एवढेच उत्तर येत राहिले.

तेवढ्यात पाठीमागून शब्द आले.

"ए! हट! चोरा!"

बाई बोलता बोलता मागे वळल्या. थेल्बर्टचा असा खणखणीत स्वर त्यांनी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

त्या दाराशी आल्या. ताटातली एक बेक नाहीशी झाली होती, आणि मॅजिस्ट्रेटच्या दाढीला तिचा चुरा लागलेला होता. त्याने पुढचे दोन्ही पाय पलंगावर टेकवले होते. थेल्बर्टनी ताट डोक्याच्या वर धरले होते.

"माझी आहे ती! समजलास? माझी!"

बोकडाने मान उंचावली. थेल्बर्टनी घाईघाईने उरलेल्यातली एक बेक उचलली, अर्धी एकदम तोंडात कोंबली आणि भिंतीकडे तोंड करून ते चावू लागले.

इतक्यात युस्टस दोरी घेऊन आले.

"झाली कोठी... अरे देवा, पीठ! शर्यतीच्या आदल्या दिवशी पीठ! चल रे, आधी बाहेर चल."

लिओटिनबाई दोन्ही हात पसरून दारात उभ्या राहिल्या.

"कुठं नेताय त्याला?"

"तुम्हीच तर मघापासून—"

"त्याला पलंगाच्या पायाला बांधा. दोरी आखूड ठेवा. आता ताटाशी पोचलो असं त्याला वाटलं पाहिजे, पण पोचता कामा नये. म्हणजे तुमची शर्यतही बुडायची नाही. आणि अजून एक ताट पाठवा."

"आणि नळ? खिडकी?"

खोलीतून चावण्याचा आवाज येत होता. बाईंनी ती कडी मालकांच्या खिशात घातली आणि दार हलकेच ओढून घेतले.

"आवाज हळू," त्या म्हणाल्या. "तो बिचकतो."