याआधी कधी त्रास झाला होता का?

"एक प्रश्न विचारायचा होता. एक," ती म्हणाली. "तेवढंही तुमच्याने झालं नाही."

टेक्निशियन टेबलापलीकडे उभा होता. त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं. स्कॅन विभागाचे मोठे डॉक्टर मधल्या खुर्चीत बसून पेनचं टोपण काढत होते, पुन्हा लावत होते.

तिचं काही चुकत नव्हतं. काल सकाळी तिचे वडील आपल्या पायांनी चालत इथे आले होते. पोटाचा स्कॅन, साधी गोष्ट. चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून डायचं इंजेक्शन दिलं आणि तिसऱ्या मिनिटाला अंगभर गांधी उठल्या, घसा सुजला, रक्तदाब उतरला. धावपळ करून वाचवलं खरं, पण एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस दिवसभर ऑक्सिजनवर पडून होता. यावर कोणती लेक गप्प बसेल?

त्यातून ती लिफ्टची तपासनीस. दोराची एक तार तुटलेली दिसली की अख्ख्या इमारतीला जिना चढायला लावणारी. वीस वर्षांत तिने फॉर्मचा एक रकाना रिकामा सोडला नव्हता, आणि दुसऱ्याने सोडलेला तिला खपत नसे.

"सहा वर्षांपूर्वी त्यांना हाच त्रास झाला होता," ती म्हणाली. "याच इंजेक्शनने, दुसऱ्या हॉस्पिटलात. तिथल्या डॉक्टरांनी फाइलवर लाल शाईने लिहून दिलंय. यांना पुन्हा हे देऊ नका, द्यायचंच झालं तर आधी औषधं देऊन तयारी करा."

"ती फाइल काल सोबत होती?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझ्या ऑफिसच्या कपाटात असते. घरी ठेवली तर वाचत बसतील आणि धसका घेतील." तिने हात झटकला. "काल मला तपासणीला जावं लागलं, म्हणून टॅक्सीने एकटे आले. पण फाइल नसली म्हणून काय झालं? माणूस होता ना समोर? त्याला तोंड होतं. विचारायचं."

"विचारलं, ताई," टेक्निशियन म्हणाला. "दोनदा विचारलं, याआधी या इंजेक्शनचा त्रास झालाय का म्हणून. नाही म्हणाले. एक मात्र सांगितलं त्यांनी, की..."

"नाही म्हणाले? जीव जाता जाता राहिला तो विसरले?"

"वयाने कधी कधी..."

"वयावर ढकलू नका. माझ्या वडिलांना पहिल्या पगाराची तारीख आठवते. माझ्या लग्नाला कोण कोण आलं नाही ते नावानिशी आठवतं. चोराच्या उलट्या बोंबा नुसत्या."

टेक्निशियनने मान खाली घातली.

"फॉर्म कुठाय?" डॉक्टरांनी विचारलं.

"पेशंटबरोबर वॉर्डात गेला, सर."

"सोयीचंच झालं," ती म्हणाली.

काय झालं असणार ते तिला डोळ्यांसमोर दिसत होतं. बाहेरच्या बाकावर आठ-दहा जण ताटकळलेले, आत हा घाईत. ओठ हलवायचे, टिक मारायची, पुढचा. उत्तर कोण ऐकतो? म्हाताऱ्याचं तर नाहीच नाही.

"चौकशी होईपर्यंत तुम्ही कामावर येऊ नका," डॉक्टर टेक्निशियनला म्हणाले. "पत्र आजच मिळेल. नोकरीचं पुढे काय ते समिती ठरवेल."

"सर, बावीस वर्षं झाली मला इथे." टेक्निशियन म्हणाला. "एकदा आजोबांनाच विचारा ना. ते सांगतील तसं."

"चला," ती उठली. "सोक्षमोक्षच लावू."

तिघं लिफ्टने वर निघाले. सवयीने तिची नजर आतल्या पाटीवर गेली. तपासणीची तारीख उलटून दोन महिने झाले होते.

"सगळाच आनंद आहे इथे," ती म्हणाली.

वॉर्डाच्या दारात जेवण वाटणाऱ्या मावशी भेटल्या. हातातल्या वाडग्यावरची झाकणी तशीच होती.

"आजोबांनी सूप परत पाठवलं," मावशी हसत म्हणाल्या. "अळंबी चालत नाही म्हणे. वर मलाच दटावलं. आता काही काळजी नको बघा."

तिचं लक्षच नव्हतं. ती तरातरा पुढे गेली.

वडील उशीला टेकून बसले होते. डोळे सुजलेले, पण चष्मा लावून हाताच्या सुईवरची पट्टी निरखत होते. तिला बघून हसले. तिचे डोळे भरून आले आणि त्याबरोबर रागही पुन्हा वर आला.

"बाबा, काल इंजेक्शन देण्याआधी या माणसाने तुम्हाला काही विचारलं होतं? कोणाची भीड धरू नका. खरं ते सांगा."

"विचारलं की," वडील घोगऱ्या आवाजात म्हणाले. "भला माणूस आहे. खुर्ची ओढून शेजारी बसला. साखर आहे का, मूत्रपिंडाचं काही आहे का, सगळं विचारलं. दोन-दोनदा."

"आणि याआधी इंजेक्शनचा त्रास झाला होता का, ते?"

"तेही विचारलं. मी नाही म्हटलं."



"बाबा," ती पलंगाचा कठडा धरून म्हणाली. "सहा वर्षांपूर्वी स्कॅन झाल्या झाल्या तुमच्या अंगावर गांधी उठल्या होत्या. श्वास कोंडला होता. तुम्हाला आठवत नाही?"

"न आठवायला काय झालं? तेसुद्धा सांगितलं मी याला. फॉर्मवर लिहूनही घेतलं त्याने." वडिलांनी चष्मा काढला आणि तिच्याकडे नवलाने पाहिलं. "पण ते इंजेक्शनमुळे कुठे होतं? आदल्या दिवशीच्या सूपातली अळंबी बाधली, असं तूच नाही का मला सांगितलंस?"