पंचफुलाबाईंचा डबा

डोळ्यांसमोर आणा बरं, तुम्ही नांदेडला गोदावरीकाठच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात फिरताय. हिमायतनगरची छोटी अयोध्या आजोबांसोबत अशीच फिरत होती. आजोबांनी हौसेनं एक पितळी डबा घेतला. त्यावर नाव कोरलेलं होतं : पंचफुलाबाई, रेणापूर.

"नाव घासून देऊ का, मामा?" दुकानदारानं विचारलं.

"घासता कामून?" अयोध्या मध्येच बोलली. "लग्नघरातून दुसऱ्याचं भांडं आलं की आपण नाव बघून परत देतो ना, आबा?"

"अगं, ह्यो इकत घेतलाय."

"पंचफुलाबाईला माहीत हाय का?"

भांडं रिकामं परत देऊ नये, म्हणून अयोध्यानं खिशातल्या भुईमुगाच्या शेंगा डब्यात ओतल्या, झाकण लावलं आणि दुकानदाराला विचारलं, "रेणापूरची गाडी कुठं लागते?"