जाळपाद

उतरंडीवरचं झाकण खणकन खाली पडलं आणि पाळण्यातलं बाळ दचकून रडू लागलं.

विजयमालानं त्याला उचललं. दुपट्यातून इवले पाय बाहेर आले. बोटं पातळ कातडीनं एकमेकांना जोडलेली. तिनं पाय पुन्हा झाकले.

"घ्येतलंच हाय तर दुपट्यात बांध आता," सासू लंकाबाई दारातून म्हणाली. "ऊसतोडीच्या गाड्या जुंपल्यात. रतनबाई न्यायला येतीया. तिला मूलबाळ न्हाई, जिवापाड सांभाळील."

"आत्याबाई, मी न्हाई देनार."

"पाय बघून गुरुजी सवता म्हंले, जाळपाद. म्हंले अन् कडब्याची गंजी जळाली. जाळाचं पाऊल घरात ठिवू व्हय?"

"आज्जी पाद म्हनली!" विजयमालाची पहिलीतली लेक भागू फिदीफिदी हसली.

"गप गं, सटवे!"

विजयमाला बाळाला पदराखाली घेऊन तडक निघाली. मागं भागू.

गहिनीनाथ गुरुजी ओट्यावर ट्रान्झिस्टर कानाला लावून लढाईच्या बातम्या ऐकत होते.

"गुरुजी, जाळपाद म्हंजी काय वो?"

"जाळ कुठून आणलास? जाल! जाल म्हणजे जाळं, मासे धरायचं. पाद म्हणजे पाय. बदक, हंस, यांच्या बोटांत पडदा असतो, म्हणून ते जालपाद."

"मंग आगीचं काय?"

"आगीचं? अगं, पाण्याचं! तेव्हाच विचारायचंस की मला."

जाळ, जाळं, जाल. कोल्हारच्या पांदीतून घरी परतताना ती शब्द घोळवत राहिली. भराभरा बोललं की सगळे एकच वाटत. एवढ्याशा फरकावर पोर जाणार होतं? तिला हसावं की रडावं कळेना.

दारात गाडी थांबलेली. रतनबाई नवं अंगडं घेऊन उभी होती.

विजयमालानं सासूला सगळं सांगितलं. लंकाबाई कितीतरी वेळ बाळाच्या पायाकडं बघत राहिली. मग बोटानं हळूच तो पडदा चाचपला.

"हंसावानी?" ती पुटपुटली. "माजंच कान फुटलं गं."

तिनं बाहेर जाऊन हात जोडले. "रतनबाई, रागावू नगंस. पोर न्हाई देत."

रतनबाई अंगडं तसंच घेऊन गाडीत चढली. गाडी हलली.

विजयमालानं बाळाला पाजायला घेतलं, एकेका बोटाचा मुका घेतला. लंकाबाई डोळे पुसत चुलीपुढं बसली.

भागू धुळीत दिसेनाशा होणाऱ्या गाडीकडं बघत होती. ती वळली.

"आये, मंग परसाली दुसऱ्या गाडीत दिल्यालं आपलं असल्याच पायाचं बाळ कवा आनायचं?"