हॉलमधली दोघं

सुट्टी लागली, मुलं-नातवंडं आजी-आजोबांकडे राहायला आली. एसी एकाच खोलीत, म्हणून आजी-आजोबांच्या खोलीत मुलगा-सून. दुसऱ्या खोलीत लेक-जावई. आजी-आजोबा हॉलमध्ये, जमिनीवर.

दोघांचे कपडे सोफ्यामागे, एका बॅगेत. आंघोळीला नंबर शेवटचा. गादी उजाडायच्या आत गुंडाळायची, कारण नातवंडांना कार्टून लावायचं असतं.

काल आजोबांनी बीपीच्या गोळीसाठी स्वतःच्याच खोलीचं दार वाजवलं, तेही बोटाच्या टोकाने.

"बाबा, छोटा आत्ता कुठे झोपलाय हो!" आतून सूनबाई.

"राहू दे, राहू दे. काही घाई नाही."

आज जेवणाची भांडी आवरता आवरता आजीच्या कंबरेचा काटा ढिला झाला. खोलीत कुणी मोठं नाही असं बघून ती आपल्या पलंगावर पाठ टेकायला गेली. पलंगावर पाच वर्षांची नात हातपाय पसरून लोळत होती. ती जरा सरकली, आजीला कडेची वीतभर जागा दिली आणि हळूच म्हणाली,

"आजी, आई म्हणते पाहुण्यांना असं विचारायचं नसतं. पण तुम्ही दोघं तुमच्या घरी कधी जाणार?"



"तुझी शाळा उघडली की लगेच, राणी."